मामाचा अंगठा

जायलोसीने डेड्झाच्या आसपासच्या गावांतले झाडून सगळे हापसे एकदा तरी खोलून जोडले होते, पण बायकोच्या भावाच्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरवणं काही त्याला जमत नव्हतं. शुक्रवारी दुपारी बाराला मुदत संपणार होती आणि आज मंगळवार मावळत आला होता.

गोष्ट अशी होती. त्याची मुलगी अलिनाफे तेरा वर्षांची, आणि तिच्या हृदयाची एक झडप गळत होती. राजधानीतल्या, लिलाँग्वेच्या मोठ्या इस्पितळात परदेशातून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येणार होते, फक्त दोन आठवड्यांसाठी. यादीत बारा मुलं होती आणि अलिनाफे सातवी. शुक्रवारी बाराच्या आत संमतीचा कागद भरून आला नाही, तर तिची जागा तेराव्या मुलाला जाणार होती.

आता तुम्ही म्हणाल, बापाने सही ठोकावी आणि मोकळं व्हावं. पण आमच्याकडे लग्न झालं की पुरुष बायकोच्या गावी राहायला येतो. सगळेच घरजावई, त्यामुळे त्यात लाज कुणालाच नाही. पण मुलं बायकोच्या कुळाची, आणि कुळाचा कारभारी तिचा भाऊ. मूल आजारी पडलं तर त्याला कुठे न्यायचं, कुणाच्या हाती सोपवायचं, हे मामा ठरवतो. बापाने छप्पर शाकारावं, मका पेरावा आणि विचारलं तरच तोंड उघडावं. कायदा काही निराळं सांगतो म्हणे. पण कायदा राहतो लिलाँग्वेला, तो काही आमच्या गावात मुक्कामाला येत नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई इथल्याच असल्याने त्यांना हे सगळं ठाऊक होतं. "तुमची सही मला चालेल," त्या जायलोसीला म्हणाल्या होत्या. "पण मामांनाही घेऊन या. मागे एका मुलाच्या बापाने एकट्याने सही केली. भूल द्यायच्या वेळेला मामा चार जण घेऊन आला आणि पोराला खाटेवरून उचलून घेऊन गेला. दोन महिन्यांनी ते पोर गेलं."

म्हणून जायलोसी मंगळवारी संध्याकाळी अलिनाफेला घेऊन बिलियातीच्या पडवीत बसला होता. बिलियाती म्हणजे हाच तो मामा. साठीचा, धिप्पाड, तरुणपणी मुखवट्यांच्या मोठ्या नाचात ढोल वाजवणारा. त्याने भाचीला जवळ ओढलं, तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"जावईबापू," तो म्हणाला, "हात ठेवून बघा जरा. काय दणका आहे! झग्यावरून कळतोय. तीस वर्षं ढोल बडवलाय मी. मेलेला ठोका कुठला आणि जिवंत कुठला, हे मला शिकवू नका. हे काळीज दुबळं म्हणणाऱ्या डॉक्टरचे कान तपासा आधी."

हीच ती चूक. सगळ्या गावात हा एकच माणूस ठोक्याचा जाणकार म्हणून नावाजलेला, आणि तोच नेमका ठोक्यावर फसला होता.

"दादा, तो दणका म्हणजे ताकद नाही," जायलोसी चौथ्यांदा सांगू लागला. "बाईंनी मला नीट समजावलंय. काळीज म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. उजवा वापरलेलं रक्त फुप्फुसात ढकलतो, डावा फुप्फुसातून आलेलं ताजं रक्त सगळ्या अंगाला देतो. दोघांनाही एक वरची खोली, एक खालची, मध्ये झडप. आधी खालची खोली सैल पडते, झडप उघडते, वरचं रक्त खाली उतरतं. शेवटी वरची खोली जरा आवळते आणि उरलंसुरलं खाली लोटते. मग खालची करकचून आवळते. त्याच क्षणी मधली झडप मिटते, म्हणजे रक्ताला मागे जायला वाट नाही. ते पुढच्या झडपेतून बाहेर पडतं. मग पुढची झडप मिटते, गेलेलं परत येऊ नये म्हणून. आपण लब-डब ऐकतो ना, तो या दोन मिटण्यांचा आवाज. एका ठोक्यात एवढं सगळं होतं, दादा. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा."

"बरं मग?"

"हिची डावीकडची मधली झडप मिटतच नाही. दर ठोक्याला निम्मं रक्त पुढे जातं, निम्मं मागे वर. ते फुप्फुसात तुंबतं, म्हणून तिला आडवं झोपता येत नाही. अंगाला कमी पडतं, म्हणून काळीज दुप्पट धावतं. तुमच्या हाताला लागतंय ती दमछाक आहे."

बिलियातीने शांतपणे थोब्वाचा घोट घेतला. मिशीला लागलेली मक्याची आंबील पुसली. "हापसेवाल्याला जिकडे तिकडे हापसेच दिसायचे," तो म्हणाला. "उद्या मला पाठदुखी झाली तर माझ्या पाठीतले पाइप उपसाल."

पडवीतले सगळे हसले. अलिनाफेही हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. पालथ्या घड्यावर पाणी! जायलोसीने तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि दात-ओठ खात घरी आणलं. घर दीडशे पावलांवर होतं. पण ती आता दीडशे पावलंही चालत नव्हती.

घरी त्याने राग काढला तो बायकोवर, एनेलेसीवर. "तुझा भाऊ म्हणजे दगड आहे, दगड! तू तरी सही कर. आईची सही म्हटल्यावर कोण अडवणार?"

एनेलेसी सुके मासे निवडत होती. तिने मान वर केली नाही. "अहो, तो दगड असला तरी माझ्या घराचा आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर तुम्ही सायकल काढून तुमच्या आईच्या गावी जाल. मला इथेच राहायचंय, याच लोकांत. मला काय लेकीची काळजी नाही? रात्रभर तिला छातीशी बसवून कोण झोपवतं?"

"मी जाईन कशाला?"

"सगळे जातात," ती म्हणाली.

त्याचा स्वतःचा बापच तसा गेला होता. त्याला वाटलं, पंधरा वर्षं या गावाला पाणी पाजलं, आणि इथे माझ्या शब्दाची किंमत तुटक्या वायसरइतकीही नाही. पाच वर्षांपूर्वी अलिनाफेचा घसा महिनाभर दुखत होता, मग गुडघे सुजले, तेव्हाही कुणी त्याला विचारलं नव्हतं. खरं तर त्यानेही विचारलं नव्हतं. वाढतं अंग आहे, दुखायचंच, असं म्हणून तो कामाला गेला होता. झडप तेव्हा बिघडली, असं बाई म्हणाल्या होत्या. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती.

बुधवार गेला. बिलियाती कुणाच्या तरी मयताला शेजारच्या गावी गेला होता, तो संध्याकाळपर्यंत आलाच नाही.

गुरुवारी उजाडायच्या आत जायलोसीने गावाचा हापसा उघडला. सळ्या वर ओढल्या, तळाची झडप गळ टाकून काढली, तिचं चांगलं रबर उतरवून झिजून चिरलेलं एक रबर चढवलं आणि सगळं परत जोडून टाकलं. मग बिलियातीकडे जाऊन म्हणाला, "दादा, एक बादली भरून द्याल? माझा खांदा धरलाय."

म्हातारा ताकदीचा अभिमानी, तो नाही कसा म्हणेल? हापशावर बायकांची रांग लागली होती. त्याने सगळ्यांना बाजूला केलं, बाह्या सारल्या आणि दांडा धरला. खडाक, खडाक. पाणी नाही. त्याने जोर वाढवला. पाण्याची एक चूळ पडली आणि थांबली. दांडा वर गेला की आत चढलेलं पाणी सुळकन खाली उतरत होतं. आणखी दहा, आणखी वीस. दणदणाट सगळ्या गावात ऐकू जात होता. बिलियातीच्या कपाळावरून घाम ओघळला.

"काय हो मामा, सकाळी न्सिमाचा गोळा पोटात गेला नाही वाटतं?" रांगेतून नासिलिना ओरडली. ती हापसा समितीची प्रमुख. जीभ अशी की सुरीला धार लावायची गरज नाही. बायका खो खो हसल्या.

पन्नास झाले. बादलीचा तळही धड झाकला नव्हता. बिलियाती दांड्यावर ओणवा होऊन धापा टाकू लागला. तेव्हा जायलोसी पुढे झाला.

"दादा, आवाज ऐकलात ना? लांबून ऐकणारा म्हणेल, वा, काय जोरकस हापसा! आणि आता बादलीत बघा. हातांत तुमच्या बळ आहे, दांडा ठीक आहे, पाइप ठीक आहेत. फक्त खालची झडप मिटत नाही. अलिनाफे रात्रंदिवस असं हापसते. तिला बाजूला व्हायची सोय नाही."

कुणी हसलं नाही. बिलियातीने बादलीत पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. जायलोसीला वाटलं, लागला बाण. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड जरा हलला.

"म्हणजे हे तू केलंस?" बिलियाती म्हणाला. जावईबापूही गेलं आणि तुम्हीही गेलं. "गावाचं पाणी तोडलंस? मला बायकांत नाचवायला?"

"काय? याने बिघडवलाय?" नासिलिना रांग सोडून पुढे आली. "मेल्या, पाचशे माणसं पितात इथलं! एक कोंबडी दंड. आणि आत्ताच्या आत्ता नीट कर, नाहीतर दोन!"

झालं. पोरीच्या काळजावरून गोष्ट कोंबडीवर आली. कोंबडी पांढरी हवी की कुठलीही चालेल, यावर बायकांची चर्चा सुरू झाली. जायलोसीला मोठ्याने रडावंसं वाटलं. तो तसाच गुडघ्यांवर बसला आणि सळ्या उपसू लागला. चाळीस बायका कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

बिलियाती गेला नाही. धुण्याच्या दगडावर बसून तो निमूट बघत राहिला. सळ्या एकेक करून बाहेर आल्या, गवतावर ओळीने पडल्या. तळाची झडप वर आली तेव्हा त्याने विचारलं, "हे बाहेर आहे तोवर पाणी बंद?"

"बंद."

"आणि तिची झडप उघडतील तेव्हा? तेवढा वेळ ती कशावर जगणार?"

जायलोसीचे हात थांबले. इतक्या दिवसांत म्हाताऱ्याने पहिल्यांदा खरा प्रश्न विचारला होता. "एक यंत्र असतं. काळीज थांबवून ठेवतात आणि तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरतं."

"तू पाहिलंस ते?"

"नाही."

"आणि सगळी पोरं उठतात परत?"

खोटं बोलावं, असं त्याच्या मनात आलं. "नाही," तो म्हणाला. "शंभरातली तीन-चार उठत नाहीत."

"हे तू आजवर सांगितलं नव्हतंस."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

बिलियाती दगडावरून पुढे वाकला. मग खालच्या आवाजात बोलू लागला, रांगेतल्या बायकांना ऐकू जाऊ नये असा. "एनेलेसीच्या वर एक बहीण होती. लोनेसी. तू यायच्या आधीची गोष्ट. बाळंतपणात अडली. पोट कापावं लागेल, इस्पितळात म्हणाले. कागद माझ्यापुढे धरला. मी अंगठा दिला. तिसऱ्या दिवशी तिला मक्याच्या ट्रकमधून आणली, पोटातलं पोरही गेलं. आई त्यानंतर सहा वर्षं जगली. दर रविवारी चर्चमधून आली की मला विचारायची, बिलियाती, कुठल्या अंगठ्याने दिलंस रे? दाखव मला."

पंधरा वर्षं जायलोसी या घरात जेवत होता. लोनेसीचं नाव त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. घरजावयाला कोण सांगतंय? त्याला म्हाताऱ्याची कीव आली आणि त्याच वेळी रागही इतका आला की हातातलं रबर त्याने जमिनीवर आपटलं.

"मग काय, तुमचा अंगठा कोरा राहावा म्हणून माझ्या पोरीने बसल्या जागी मरायचं? सांगा ना! कापलं तर शंभरात चार जातात, दादा. न कापता ही एकटीच जाणार आहे, आणि ती नक्की जाणार आहे!"

बिलियाती उठला, धोतरासारखं कमरेला गुंडाळलेलं फडकं झटकलं आणि घरी गेला. दुपारी जायलोसीने निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. संध्याकाळी तो स्वतः गेला, तर दार लावलेलं. संध्याकाळी सहा वाजता कुणी दार लावतं का? भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं.

शुक्रवारी पहाटे त्याने ठरवलं, गेलं खड्ड्यात सगळं, एकट्यानेच सही करायची. अलिनाफेला कॅरिअरवर बसवून तो निघाला तर एनेलेसी पिशवी घेऊन मागोमाग आली. डांबरी रस्त्याला लागले तर तिथे बिलियाती उभा. मयताला घालायचा काळा कोट अंगात, हातात काठी.

"सायकल हळू घ्या की, जावईबापू," तो खेकसला. "पोरीला दचके बसतात."

अडवायला आलाय की सोबत यायला, हे काही त्याच्या तोंडावरून कळेना. विचारायची जायलोसीची छाती झाली नाही.

आणि मग मिनीबस. आमच्याकडची मिनीबस वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. चौदा माणसांच्या गाडीत अकरा बसली होती. साडेसात वाजले, आठ वाजले. एक बाई कोंबड्या घेऊन चढली, दुसरी काहीतरी विसरलं म्हणून उतरली. ड्रायव्हर तळलेली मांदासी खात चाकाला टेकून उभा होता. "भाऊ, मुलगी आजारी आहे, बाराच्या आत पोचायचंय," जायलोसीने हात जोडले. "मग सकाळी लवकर यायचं," ड्रायव्हर म्हणाला. साडेनऊला गाडी हलली. वाटेत पोलिसांनी दोनदा थांबवली. इस्पितळाच्या जिन्यापाशी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते, आणि अलिनाफेला पाठुंगळी घेऊन जिना चढला तो बिलियाती.

डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवर निजवलं, उशा लावून. छातीवर काळजाचं चित्र दाखवणाऱ्या यंत्राचा दांडा टेकवला आणि पडदा मामांकडे वळवला. करड्या रंगात काळीज उघडमिट करताना दिसत होतं. झडपेची दोन पाती मिटायला जात आणि मध्ये फट राहत होती. बाईंनी एक बटण दाबलं. दर ठोक्याला फटीतून निळ्या रंगाचा झोत वर उसळू लागला.

"हे निळं काय?" बिलियातीने विचारलं.

"मागे जाणारं रक्त, मामा. पुढे जायला हवं होतं ते."

तो पडद्याजवळ वाकला. ओठ न हलवता मोजत असावा. मग त्याने बाईंना तेच सगळं विचारलं, काळीज किती वेळ बंद, यंत्र बिघडलं तर काय, शंभरात किती. बाईंनी काही लपवलं नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि जायलोसी मनातल्या मनात किंचाळत होता, पुरे आता, द्या की अंगठा!

शेवटी बिलियातीने उजवा अंगठा कोटाला पुसला, शाईच्या गादीवर टेकवला आणि कागदावर दाबला. नंतर तो तसाच अधांतरी धरून राहिला. कागद त्याने जायलोसीपुढे सरकवला.

"आता याची."

"मामा, एक पुरे आहे," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला पुरे असेल. मला नाही. इतके दिवस या माणसाने माझं डोकं खाल्लं. ती परत आली नाही, तर या खेपेला मी एकटा उत्तर देणार नाही. कर सही."

जायलोसीने पेन घेतलं. हाच तो कागद, ज्यासाठी तो आठवडाभर जिवाचा आटापिटा करत होता. अलिनाफे उशांना टेकून त्याच्याकडे बघत होती, मानेतली शीर थडथडत होती. शंभरातली तीन-चार. परवापर्यंत तो फक्त एक आकडा होता. आता त्या तीन-चारांच्या खाली त्याला स्वतःचं नाव लिहायचं होतं. पेनचं टोक कागदावर टेकवून तो थांबला. एनेलेसीने तोंड अंगावरच्या फडक्याआड केलं.

"जड आहे ना?" बिलियाती म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

बाराला चार मिनिटं कमी असताना जायलोसीने सही केली. ती इतकी वाकडीतिकडी आली की कागद न्यायला आलेली नर्स दारात थांबली.

"अंगठा मामांचा, ते कळलं. ही खालची सही कुणाची? मुलीचे कोण हे?"

जायलोसी सांगायला दाराकडे वळला.

"बाप," बिलियाती म्हणाला. "लिही. बाप आहे तिचा."